वैशाखात हिरवा राहणारा करंज

एप्रिलच्या अखेरीस शहापूरहून मुरबाडकडे एस.टी.ने जाताना खिडकीतून बाहेर पाहा. उतारावरचा साग निष्पर्ण असतो, गवत वाळलेले असते. पण ओढ्याच्या कडेला मधूनच एखादे झाड चकचकीत हिरव्या पालवीने भरलेले दिसते. ते बहुधा करंजाचे असते. जुनी पाने गळतात न गळतात तोच नवी येतात, म्हणून त्याला जवळजवळ सदाहरित म्हणायला हरकत नाही.

या तालुक्यांत वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. मुंबईची तहान भागवणारी तानसा आणि भातसा ही धरणे शहापूर तालुक्यातलीच. तरी उन्हाळ्यात कित्येक पाड्यांवर टँकरची वाट पाहावी लागते! सारा पाऊस चार महिन्यांत पडतो, माती पातळ, खाली काळा कातळ. पाणी उतारावरून निघून जाते. मग करंजाला पाणी कुठून मिळते?

आधी थोडे भौतिकशास्त्र. साधा चोषण पंप दहा मीटरपेक्षा खोलचे पाणी ओढू शकत नाही, कारण हवेचा दाब तेवढाच पाण्याचा स्तंभ पेलतो. झाडाची तऱ्हा वेगळी. पानांतून बाष्प बाहेर पडले की पानापासून मुळापर्यंत पोहोचलेला पाण्याचा अखंड धागा वर खेचला जातो. पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात, म्हणून धागा तुटत नाही. हा विचार डिक्सन आणि जोली यांनी १८९४ च्या सुमारास मांडला. जमीन सुकत गेली की ताण वाढतो, जलवाहिनीत हवेचा बुडबुडा शिरतो आणि धागा तुटतो. साग पानेच टाकून देतो. खर्च बंद, ताण कमी. लाहौलच्या कोरड्या डोंगरांतला जुनिपर हा सूचिपर्णी वृक्ष पाने टाकत नाही. त्याच्या लाकडातील नलिकांत प्रचंड ताणातही बुडबुडा सहज शिरत नाही. करंजाचा मुख्य आधार मात्र खोल जाणारे सोटमूळ. ते कातळाच्या भेगांतून ओलाव्यापर्यंत पोहोचते.

याचा अर्थ असा, की लहान रोप दुष्काळ सोसणारे नसतेच. वनमहोत्सवात जुलैत लावलेली रोपे मे महिन्यापर्यंत का मरतात, याचे एक कारण इथे आहे. मी लावलेल्या करंजांपैकी दोन वाळले, तेव्हा ते उपटून पाहिले. पिशवीत वर्षभर राहिलेल्या सोटमुळाने तळाशी वेटोळे केले होते; जमिनीत ते खाली गेलेच नव्हते.

म्हणून शक्य तर बी जागेवरच पेरा. उन्हाळ्यात झाडाखाली पडलेल्या शेंगा गोळा करा. बहुतेक शेंगांत एकच बी असते. ते रात्रभर भिजवून जूनच्या पहिल्या चांगल्या पावसानंतर दोन सेंटिमीटर खोल पेरा. साधारण दोन आठवड्यांत अंकुर येतो. पिशवीतले रोप लावायचे झाल्यास तीन-चार महिन्यांचेच घ्या. करंज शेंगावर्गीय आहे; मुळांवरच्या गाठींतील जिवाणू त्याला हवेतला नायट्रोजन मिळवून देतात, त्यामुळे खताची फार चिंता नको. कडवट पाने गुरे सहसा खात नाहीत, पण तुडवतात. भोवती काटेरी फांद्यांचे कुंपण हवेच.

आता पाण्याचा हिशेब. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. तेव्हा रोपाभोवतीच्या चौरस मीटरवर पावसाळ्यात दोन हजार लिटर पडून जातात. उताराच्या खालच्या बाजूला अर्धचंद्राकृती बांध घातला, तर त्यातले बरेचसे जमिनीत मुरेल. ऑक्टोबर ते जून अशा ३४ आठवड्यांत आठवड्याला पाच लिटर दिले, तर अवघे १७० लिटर लागतात. रोज तांब्याभर ओतू नका. वरची माती भिजते आणि मुळे वरच रेंगाळतात. शेजारी न भाजलेल्यासारखा पाझरणारा, मातीचा जुना माठ गळ्यापर्यंत पुरा, आठवड्यातून एकदा भरा आणि वर झाकण ठेवा. बुंध्याभोवती वाळके गवत पसरण्यापेक्षा चपटे दगड मांडा. बाष्पीभवन कमी होते आणि वणव्याचे भय राहत नाही.

दोन उन्हाळे असे पाणी द्या. तिसऱ्या वर्षी जानेवारीपासून दोन पाण्यांतले अंतर वाढवत न्या आणि भर दुपारी पाने पाहा. दुपारी माना टाकून सकाळी ती पुन्हा ताठ झाली, तर माठ काढायला हरकत नाही; सकाळीही मलूल असतील, तर आणखी एक उन्हाळा माठ राहू द्या.