चौकटीत काय ठेवावे?

मुलांनो, आमच्या घरातील भिंतीवर माझ्या आजीचे एक छायाचित्र टांगलेले आहे. ते मी १९७३ साली, वयाच्या बाराव्या वर्षी काढले. मामांनी सुटीत चार दिवसांसाठी आपला साधा बॉक्स कॅमेरा माझ्या हाती दिला होता. एका रोलमध्ये अवघी बारा छायाचित्रे निघत, आणि त्यांतील अकरा मी बैल, विहीर, नदी व मित्रमंडळी यांवर खर्चून टाकली होती. उरलेल्या एकात सारे घरच मावले पाहिजे, असे मनात आणून मी मागे सरत सरत अंगणाच्या टोकापर्यंत गेलो. कौले, गोठा, तुळशीवृंदावन, वाळत घातलेली धुणी आणि ओसरीच्या पायरीवर सूप घेऊन बसलेली आजी, सारे काही त्यात आले. आजी मात्र हरभऱ्याएवढी! शिवाय मागील खांब नेमका तिच्या डोक्यातून उगवल्यासारखा दिसतो. त्याच वर्षी पौषात आजी गेली, आणि तिचे दुसरे छायाचित्र कोणाजवळही नव्हते. आईने ते मोठे करवून आणले, तेव्हा चेहऱ्याच्या जागी करडे ठिपके तेवढे वाढले.

कॅमेरा बिघडलेला नव्हता. ऊनही स्वच्छ होते. आपण कशाचे छायाचित्र काढीत आहोत, हेच मी ठरविले नव्हते. आपला डोळा आवडत्या गोष्टीवर खिळतो आणि भोवतालचे विसरतो. कॅमेरा काहीच विसरत नाही.

चित्रकाराला कोऱ्या कागदावर एकेक वस्तू आणून मांडावी लागते. छायाचित्रकारापुढे सारे आधीच मांडलेले असते. त्याने नको ते गाळावयाचे असते. त्यासाठी चार पावले पुढे जावे, बाजूस सरावे, प्रसंगी खाली बसावे. लहान मुलाचे छायाचित्र उभ्याने काढले, तर त्याचा भांग आणि जमीन दिसते. गुडघे टेकून काढले, तर त्याचे डोळे दिसतात.

विषय चौकटीत कोठे असावा, याविषयी एक जुना नियम आहे. दोन उभ्या व दोन आडव्या रेघा अशा कल्पाव्यात, की चौकटीचे नऊ सारखे भाग पडतील. या रेघा परस्परांस जेथे छेदतात, त्या चार बिंदूंपैकी एकाच्या जवळ मुख्य विषय ठेवावा. क्षितिज मध्यावर न घेता वरच्या किंवा खालच्या रेघेवर घ्यावे. जॉन थॉमस स्मिथ या इंग्रज चित्रकाराने तृतीयांशाचा हा नियम १७९७ सालच्या आपल्या पुस्तकात निसर्गचित्रांसाठी सांगितला. त्या वेळी छायाचित्रण जन्मासही आले नव्हते! आजच्या मोबाइलवर या रेघा पडद्यावर आणण्याची सोय असते. तसेच धावणाऱ्याच्या पुढे थोडी मोकळी जागा सोडावी, असेही सांगतात.

तथापि नियमांचे फार स्तोम माजवू नये. आंरी कार्तिए-ब्रेसाँ या फ्रेंच छायाचित्रकाराने १९३२ साली पॅरिसमधील सँ-लाझार रेल्वे स्थानकामागे, कुंपणाच्या फटीतून काढलेले छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. साचलेल्या पाण्यात आडव्या पडलेल्या शिडीवरून एका माणसाने उडी घेतली आहे. त्याची टाच पाण्यास टेकावयास केसभर अंतर उरले आहे. खाली त्याचे प्रतिबिंब आहे, आणि मागील भिंतीवरच्या जाहिरातीतील नर्तकाची आकृतीही तशीच झेपावलेली आहे. हा माणूस उजव्या कडेशी असून त्याच्यापुढे जागा फारशी नाहीच. म्हणूनच पाहणाऱ्याचा श्वास क्षणभर अडकतो.

जाड कागदाच्या, काटकोनात कापलेल्या दोन पट्ट्या घेऊन त्या कोणत्याही छायाचित्रावर ठेवाव्यात आणि त्यांची चौकट लहानमोठी करून पाहावी. आजीच्या छायाचित्रावर मीही त्या ठेवून पाहिल्या. गोठा गेला, कौले गेली, धुणी गेली. खांब मात्र जात नाही; तो आजीला चिकटूनच आहे. चेहरा पुसटच राहतो, पण मांडीवरचे सूप आणि ते धरलेला तिचा डावा हात एवढे ओळखता येते.