नागपूर बघायचं तर महालातून

पोरी, नागपूर बघायला येऊन राहिली म्हणतेस, तर मामाचं ऐक. झिरो माइलपासून सुरुवात करू नको. तिथला खांब न् चार घोडे बघून लोक फोटो काढतात अन् परत जाऊन सांगतात की नागपुरात बघण्यासारखं काही नाही. आधी महाल ही जुनी वस्ती बघ.

सकाळी सातच्या आत शुक्रवारी तलावापाशी उतर. गांधी गेट, म्हणजे आपला जुना जुम्मा दरवाजा, त्यातून पायीच आत शीर. बख्त बुलंद शाहानं १७०२ मध्ये वसवलेल्या नागपुरात पुढे भोसल्यांची राजधानी नांदली, ती इथे. दुकानं उघडली की गर्दीत मान वर करायची सोय राहत नाही, आणि नजरेत भरण्यासारखं सगळं वरच असतं: कोरलेले लाकडी खांब, सज्जे, कौलांखालची नक्षी. या जुन्या वाड्यांत माणसं राहतात, हे विसरू नको. दारातून हाक मार, जोडे काढ, विचारल्याशिवाय मोबाइल बाहेर काढू नको. कुणी बस म्हटलं तर घाई न करता बस. घरातली म्हातारी माणसं जे सांगतात, ते कोणत्याच पाटीवर लिहिलेलं नसतं.

मग तर्री पोहे खाऊन सीताबर्डीच्या टेकडीकडे निघ. नोव्हेंबर १८१७ मध्ये तिथे भोसल्यांची फौज इंग्रजांपुढे हरली. १८५४ मध्ये राज्यच खालसा झालं. टेकडीवरचा किल्ला लष्कराकडे आहे, एरवी आत सोडत नाहीत. २६ जानेवारी किंवा १५ ऑगस्टला येणं जमलं तर ओळखपत्र घेऊन ये.

टेकडीच्या अलीकडे भोसल्यांची राजधानी, पलीकडे सिव्हिल लाइन्समध्ये इंग्रजांची. एवढं ध्यानात ठेवलंस की अख्खं शहर उलगडतं. महालातल्या बोळांतून आल्यावर तिकडचे रुंद रस्ते अन् हायकोर्टाचा घुमट बघ, म्हणजे राज्य बदललं की गावाची चालही कशी बदलते ते कळेल. १९५६ मध्ये मध्य प्रदेशच्या राजधानीचा मान गेला. कचेऱ्यांसोबत कितीतरी घरं भोपाळ-मुंबईकडे पांगली, त्याची सल जुन्या माणसांना अजून आहे. हिवाळी अधिवेशन असलं तर विधानभवनाकडे गाडी नेऊ नको, मोर्च्यांनी रस्ते बंद असतात.

माझं खरं सांगणं असं, की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ये. मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक असते. काळी मारबत १८८१ पासून निघते. इंग्रजांना मिळालेल्या भोसल्यांच्या राणी बाकाबाईचा राग लोक अजून तिच्यात बघतात. इतवारीत पाय ठेवायला जागा नसते, म्हणून दागिने घरी ठेव, पायात घट्ट जोडे घाल अन् एखाद्या ओळखीच्या घराची गच्ची आदल्या दिवशीच सांगून ठेव.