लेबलावरची टक्केवारी आणि बाटलीतले आयोडीन

क्ष-किरण तपासणीत वापरल्या जाणाऱ्या 'कॉन्ट्रास्ट'विषयी आपले सभासद मला पुष्कळदा विचारतात. औषधनिर्माणशास्त्राचा अध्यापक या नात्याने मी येथे डायाट्रिझोएट या जुन्या, परंतु बोधप्रद द्रव्याचा विचार करणार आहे.

डायाट्रिझोइक आम्लाच्या रेणूत बेंझीनच्या कड्यावर आयोडीनचे 3 अणू घट्ट बांधलेले असतात. क्ष-किरण अडवितात ते मुख्यतः हेच. मात्र हे आम्ल पाण्यात अत्यल्प विरघळते. म्हणून त्याचा क्षार करावा लागतो. पाण्यात कालविलेल्या आम्लात समरेणू प्रमाणात सोडियम हायड्रॉक्साइड किंवा मेग्लुमिन मिसळले, की द्रावण निवळते. ते गाळून आटविले असता पांढरा क्षार हाती येतो.

सोडियम क्षाराचा रेणुभार सुमारे 636, तर मेग्लुमिन क्षाराचा 809. आयोडीनचा वाटा दोहोंत 381 एवढाच. साहजिकच सोडियम क्षाराच्या 50 टक्के द्रावणात दर मिलिलिटरला 300 मिलिग्रॅम आयोडीन असते, तर मेग्लुमिन क्षाराच्या 60 टक्के द्रावणात 282 मिलिग्रॅमच! टक्केवारी मोठी म्हणजे आयोडीन अधिक, असे नव्हे.

हे पृथक्करणाने पडताळता येते. क्षार जस्ताची भुकटी व सोडियम हायड्रॉक्साइड यांसह उकळला, की आयोडीन आयोडाइडच्या रूपाने सुटे होते. मग आम्लयुक्त करून सिल्व्हर नायट्रेटने अनुमापन करतात. 0.1 मोलर द्रावणाचा 1 मिलिलिटर म्हणजे 21.2 मिलिग्रॅम निर्जल सोडियम क्षार. म्हणून नमुन्यातील पाणी निराळे मोजावे लागते. उकळण्यापूर्वीच आयोडाइड प्रमाणाबाहेर आढळले, तर रेणू फुटू लागला असे समजावे. बाटली उजेडापासून जपावयाची ती याचसाठी.

हे दोन्ही क्षार पाण्यात दोन-दोन आयनांत विभागतात. त्यामुळे संहत द्रावणाचा परासरण दाब रक्ताच्या कित्येक पट होतो. शिरेतून देताना जाणवणारी उष्णता व वेदना यांचे हे एक प्रमुख कारण. स्वीडनचे टॉर्स्टन आल्मेन यांनी यावर उपाय म्हणून आयनविरहित द्रव्यांची कल्पना मांडली. आज शिरेतून बहुधा तीच देतात; डायाट्रिझोएटचा उपयोग मुख्यत्वे आतडी व मूत्राशय यांच्या तपासणीपुरता उरला आहे.

मेरुद्रवात मात्र डायाट्रिझोएट कदापि जाता कामा नये. झटके येऊन मृत्यू ओढवू शकतो. म्हणून माझी विनंती एवढीच: बाटली हाती घेताच क्षाराचे नाव, दर मिलिलिटरचे आयोडीन आणि देण्याचा मार्ग, ही तिन्ही वाचावीत. टक्केवारी त्यानंतर.