गिटारच्या तारा आणि प्लगची तिसरी पिन

बेळगाव-निपाणी भागातील आपल्या मंडळ्यांत पेटी-ढोलकीच्या शेजारी विजेची गिटार आता नवी राहिलेली नाही. तरुण हौसेने वाजवितात, ही आनंदाची गोष्ट आहे. पण ॲम्प्लिफायर घुमू लागला, की एखादा जाणता पुढे होऊन प्लगची तिसरी पिन काढून टाकतो. घुमणे थांबते आणि सर्व त्याची वाहवा करितात! त्याने नेमके काय तोडले, हे आज पाहू.

गिटारच्या तारा ज्या धातूच्या ब्रिजवर टेकतात, त्यापासून एक बारीक वायर आतून जॅककडे जाते. तेथून केबलच्या जाळीतून ती ॲम्प्लिफायरच्या पत्र्याला मिळते व पत्रा प्लगच्या जाड, लांब पिनेतून जमिनीला. तारांना बोट लागताच घरघर कमी होते ती या वायरीमुळेच. पिन काढल्यावर आतील चालू वायर सुटून पत्र्याला लागली, तर २३० व्होल्ट थेट तारांवर येतात. लाकडी फळीवर चप्पल घालून उभ्या असलेल्या मुलाला हे कळतही नाही. तो गाण्यासाठी मायक्रोफोनला ओठ लावितो. मायक्रोफोन दुसऱ्या यंत्रातून जमिनीला जोडलेला असतो. आणि प्रवाह हातातून छातीमार्गे ओठांकडे जातो.

३ मे १९७२ रोजी वेल्समधील स्वान्सी येथे लेस हार्वे हा २७ वर्षांचा गिटारवादक मायक्रोफोनला हात लागताच श्रोत्यांसमोर विजेच्या धक्क्याने मरण पावला. आपल्यासारख्या मंडळीतही असे घडले आहे. ३० ऑक्टोबर २००५ रोजी टेक्सासमधील वेको येथे पाळक काइल लेक बाप्तिस्म्याच्या कुंडातील पाण्यात उभे होते. त्यांनी मायक्रोफोन सरकविण्यास हात पुढे केला व ते धक्क्याने दगावले.

मग घुमणे थांबवावे कसे? बहुधा ॲम्प्लिफायर एका भिंतीवर व मिक्सर दुसऱ्या भिंतीवर लाविलेला असतो. दोन्ही अर्थिंगचे मिळून वर्तुळ होते. दोन्ही प्लग एकाच बोर्डावर घ्या. तरीही आवाज राहिला, तर मिक्सरकडे जाताना डी.आय. बॉक्स लावून त्यावरील ग्राउंड-लिफ्टचे बटण वापरा. ते केबलच्या जाळीचा संबंध तोडते, प्लगच्या पिनेला हात लावीत नाही. गिटारच्या पोकळीत तांब्याची फॉइल चिकटवून ती अर्थला जोडल्यासही पुष्कळ फरक पडतो.

जुन्या इमारतींत सॉकेटला तीन भोके असतात, पण तिसऱ्याच्या मागे वायरच नसते! ते तारतंत्र्याकडून तपासून घ्यावे व मेन बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आर.सी.सी.बी. बसवावा. बेळगावकडील जांभ्या जमिनीत उन्हाळ्यात ओल टिकत नाही व अर्थिंग कमजोर होते; म्हणून खड्ड्यात पाणी घालण्याचे काम पंचांनी कोणाकडे तरी नेमून द्यावे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी सरावाआधी प्लग स्वतः हातात घेऊन पाहावा. पिन तुटलेली दिसली, तर नवा प्लग बसेपर्यंत त्या दिवशीची गाणी पेटीवर होऊ द्यावीत.