सलाईन लावण्याआधीचे तास

1971 च्या पावसाळ्यात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांनी पश्चिम बंगालमधलं बनगाव भरून गेलं होतं. त्यातच कॉलऱ्याची साथ. रुग्णालयात फरशीवरही जागा उरली नाही, सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांच्या पुड्या बांधून घेतल्या, पाण्यात विरघळवून तोट्या लावलेल्या पिंपांत भरल्या आणि पाजायचं काम नातेवाइकांवर सोपवलं. 30 टक्क्यांच्या आसपास असलेला मृत्युदर या रुग्णांमध्ये 4 टक्क्यांच्याही खाली आला.

हेच पुढं ‘ओआरएस’ म्हणून घरोघरी पोचलं.

त्या काळी घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, पोलिओ, गोवरानंतरचा न्यूमोनिया ही मुलांच्या वॉर्डातली नेहमीची दुखणी होती. 1985 मध्ये सार्वत्रिक लसीकरण सुरू झालं आणि हे चित्र पालटू लागलं. 2016 पासून रोटाव्हायरसची लसही टप्प्याटप्प्यानं मिळू लागली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार 1992-93 मध्ये देशात दर हजार जन्मांमागे 109 मुलं पाच वर्षांची होण्याआधी दगावत. 2019-21 मध्ये 42, महाराष्ट्रात 28.

आता यातले निम्म्याहून जास्त मृत्यू जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यातच होतात. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीच्या खेड्यांत गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं, तेव्हा तिथले असे मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

मोठी मुलं मात्र आजही उशिरा आणल्यामुळं हातची जातात. जुलाब लागताच ओआरएस सुरू करावं. एक लिटरचं पाकीट असेल तर पूर्ण एक लिटर स्वच्छ पाण्यातच कालवावं. कपभर पाण्यात थोडी पूड टाकली की क्षारांचं प्रमाण बिघडतं. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून चमचा चमचा पुन्हा द्यावं. अंगावरचं दूध आणि जेवण तोडू नये. झिंकचा कोर्स डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस द्यावा.

खोकला असेल तर बाळ शांत असताना अंगावरचं झबलं वर करून पूर्ण मिनिटभर श्वास मोजावेत. दोन महिन्यांच्या आत 60, वर्षाच्या आत 50, पाच वर्षांपर्यंत 40 किंवा जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खड्डा पडत असेल, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. डोळे खोल गेले, लघवी कमी झाली, शौचातून रक्त पडलं, मूल गळून गेलं किंवा त्याला झटका आला, तर थेट रुग्णालयात न्यावं. महिन्याच्या आतलं बाळ दूध ओढेनासं झालं किंवा अंगाला गार लागलं, तर रात्र असली तरी निघावं. 108 क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते.