दवंडी सर्वांना कळावी

मंडळी, गावात दवंडी झाली की आपण कान देतो. रेशनचे धान्य आलेले असते. लस टोचणारे येणार असतात. ग्रामसभा भरणार असते. आता दवंडी कमी झाली. फळ्यावर सूचना लागते, भोंगा वाजतो, मोबाईलवर निरोप येतो. पण काम तेच आहे. गावची बातमी घरोघर पोचली पाहिजे.

ती एखाद्याला कळलीच नाही, तर काय होते? आम्ही पाहिलेली एक गोष्ट सांगतो.

सोयाबीनच्या सोंगणीचे दिवस होते. एका गावी मेळघाटातून कोरकू मजूर आले होते. त्यांची घरची बोली कोरकू. ती मराठीहून अगदी निराळी. गावातल्या एका विहिरीवर पाटी लावली होती. पाटीवर लिहिले होते, ‘सदर विहिरीचे पाणी पिण्यास अयोग्य असून त्याचा वापर करणेस सक्त मनाई आहे.’ त्याच पाटीखाली उभी राहून एक मजूर बाई घागर भरत होती.

चौथीतला एक पोरगा धावत आला. “बाई, हे पाणी नोको भरू!”

“काहून?”

“खराब हाय. पोट बिघडते.”

बाईने घागर उपडी केली आणि ती दुसऱ्या विहिरीकडे गेली.

पाटी खरी होती. पण त्या बाईला ती वाचता येत नव्हती. कोणी वाचून दाखवली असती, तरी ‘अयोग्य’ आणि ‘मनाई’ हे शब्द तिला कळले नसते. पोराचे चार सोपे शब्द मात्र लगेच कळले.

हाच प्रश्न दूर जपानात पडला. तेथील लोकांनी त्यावर काय केले, ते आपण पाहू.

जपान हा पूर्वेकडचा बेटांचा देश. आपल्या विदर्भाला तो अगदीच अनोळखी नाही. नागपूरचे भदंत सुरई ससाई मूळचे जपानचे. ते इकडे आले आणि इकडचेच झाले. पुढे त्यांना भारताचे नागरिकत्व मिळाले. तशी आपल्याकडची माणसेही तिकडे जातात.

जपानात म्हातारी माणसे फार झाली आहेत. कामाला तरुण हात कमी पडतात. म्हणून देशोदेशीचे लोक तेथे कामाला येतात. २०२४ च्या अखेरीस जपानात ३७ लाखांहून जास्त परदेशी लोक राहत होते. ते सगळे टोकियोसारख्या मोठ्या शहरात राहत नाहीत. पुष्कळ जण लहान गावांत असतात. कोणी कारखान्यात, कोणी शेतावर, कोणी मासेमारीच्या बंदरावर काम करतो. कोणी म्हाताऱ्यांची शुश्रूषा करतो.

समजा, आपल्या जऊळक्याचा एक मुलगा तिकडे गेला. कॉलेज शिकलेला, हुशार मुलगा. पण तेथे उतरताच तो निरक्षर होतो! जपानी लिहिण्यात तीन तऱ्हेची अक्षरे असतात. दोन अक्षरमाला आहेत. प्रत्येकीत ४६ मूळ अक्षरे आहेत. तिसरी तऱ्हा चिनी चिन्हांची. रोजच्या वापरासाठी सरकारने ठरवलेली चिन्हेच २,१३६ आहेत. आपल्याला बाराखडीने किती घाम फोडला होता, आठवते ना? मग त्या मुलाचे काय होत असेल!

आणि तेथे वाचल्यावाचून पाऊल पुढे पडत नाही. राहायला घर मिळाले, की १४ दिवसांच्या आत गावच्या कचेरीत पत्ता नोंदवावा लागतो. कचरा टाकायचा, तर त्याचेही वार ठरलेले. जळणारा कचरा एका वारी, बाटल्या आणि डबे दुसऱ्या वारी. चुकीच्या वारी ठेवला, तर कचरागाडी तो तसाच सोडून जाते. मग शेजारी नाराज होतात. तो मुलगा घाणेरडा नसतो. त्याला फक्त वेळापत्रक वाचता आलेले नसते.

गावची बातमी सांगायची तेथील एक रीत मोठी छान आहे. एका पाटीला सूचनांचे कागद लावतात. ती पाटी घरोघर फिरते. आपण वाचायचे, वाचल्याची खूण करायची आणि पाटी शेजारच्या घरी द्यायची. गावच्या कचेरीचे बातमीपत्रही निघते. गावात भोंगेही असतात. भूकंप, पूर, वादळ यांची सूचना भोंग्यावरून देतात.

पण ही सगळी व्यवस्था ज्याला भाषा येते, त्याच्यासाठी होती. १७ जानेवारी १९९५ रोजी पहाटे कोबे शहराच्या भागात मोठा भूकंप झाला. ६,४०० हून अधिक माणसे मेली. परदेशी रहिवाशांनाही त्याचा फार मोठा फटका बसला. पाणी कोठे मिळते, निवारा कोठे आहे, हे भोंगे आणि कागद सांगत होते. पण ज्याला भाषा कळत नव्हती, त्याला जवळचे पाणीही सापडेना.

तेव्हा तेथील लोकांनी दोन कामे केली. कोबेच्या नागाता भागात कोरियन आणि व्हिएतनामी लोकांची वस्ती होती. तेथे स्वयंसेवकांनी लहानसा रेडिओ सुरू केला. त्यावरून त्या त्या लोकांच्या भाषेत बातम्या सांगितल्या.

दुसरे काम भाषेच्या जाणकारांनी केले. उत्तरेकडे हिरोसाकी नावाचे शहर आहे. तेथील विद्यापीठातल्या जाणकारांनी ‘सोपी जपानी’ बसवली. तिचे नियम साधे आहेत. वाक्य लहान ठेवावे. एका वाक्यात एकच गोष्ट सांगावी. जड शब्द टाळावा. ‘स्थलांतर करा’ असे म्हणण्याऐवजी ‘पळा’ म्हणावे. अवघड चिन्ह आलेच, तर त्यावर बारीक सोपी अक्षरे द्यावी.

एन. एच. के. ही तेथील मोठी प्रसारण संस्था आहे. तिने २०१२ साली सोप्या जपानीतल्या बातम्या सुरू केल्या. १ जानेवारी २०२४ रोजी नोतो भागात भूकंप झाला. समुद्राची लाट येणार होती. तेव्हा टीव्हीवर बातम्या देणारी बाई ओरडून सांगत होती, “पळा!” पडद्यावरही तोच शब्द मोठ्या, सोप्या अक्षरांत दिसत होता.

सोपे लिहिले म्हणजे हलके लिहिले, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. जीव वाचवणारा शब्द हलका कसा असेल?

अर्थात नव्या माणसानेही हात पुढे केला पाहिजे. जपानातल्या गावोगावी स्वयंसेवक परदेशी लोकांना भाषा शिकवतात. आपल्या वर्गासारखेच ते वर्ग. दिवसभर राबून आलेली माणसे तेथे अक्षरे गिरवतात. आपल्या महाराष्ट्रातले योगेंद्र पुराणिक जपानला गेले, ती भाषा शिकले, तेथील नागरिक झाले. २०१९ साली टोकियोच्या एदोगावा भागाच्या सभेवर लोकांनी त्यांना निवडून दिले. पुढे इबाराकी प्रांतात ते एका सरकारी शाळेचे मुख्याध्यापक झाले. सूचना वाचायला शिकणारा माणूस एक दिवस सूचना काढणारा होतो, तो असा.

मंडळी, आपणही कालपर्यंत पाटीखाली उभे राहत होतो, आणि पाटी मुकी होती. आज ती आपल्याशी बोलते. म्हणून आपल्यावर एक काम येऊन पडते. गावात सोंगणीला, वीटभट्टीला, रस्त्याच्या कामाला परकी माणसे येतात. विजेचा धोका असो, नाल्याचा पूर असो, खराब पाणी असो, फळ्यावरची सूचना आपण वाचावी. मग त्यांच्या पालापर्यंत जाऊन दोन सोप्या शब्दांत सांगावी. गावात पाणी पिणारा प्रत्येक जण गावचाच.

सांगा पाहू
१. मजूर बाईला पाटी का कळली नाही? पोराचे बोलणे का कळले?
२. जपानात गावची बातमी घरोघर कशी फिरते?
३. सोप्या जपानीचे दोन नियम सांगा.

करून पहा
ही सूचना सोपी करून लिहा : ‘नाल्यास पूर आल्यास पुलावरून मार्गक्रमण करणेस प्रतिबंध आहे.’ मग ती न शिकलेल्या शेजाऱ्याला वाचून दाखवा. त्याला एकदाच ऐकून कळली, तर तुमचे लिहिणे बरोबर.