वस्तूंची समान भाषा

बंगळूर शहराच्या दक्षिण भागात बनशंकरी ही मोठी वसाहत आहे. २०१७ साली येथे मेट्रो रेल्वेचे स्थानक सुरू झाले. असे स्थानक उभारण्यासाठी सिमेंट, सळया, फरशा, काचा, दिवे, तारा अशा असंख्य वस्तू लागतात. त्या निरनिराळ्या कारखान्यांत तयार होतात. तरीही बांधकामाच्या जागी त्या एकमेकींशी जुळाव्या लागतात. ही जुळणी कशी साधते?

विटेचे उदाहरण घेऊ. भारतीय मानकानुसार प्रमाणित विटेची लांबी १९० मिलिमीटर असते. सांध्यातील मसाल्याचा १० मिलिमीटरचा थर धरला, की ती २०० मिलिमीटर होते. म्हणजे अशा पाच विटांनी एक मीटर लांबी भरते. माप ठरलेले असल्यामुळे वीटभट्टीवाला, अभियंता आणि गवंडी यांचा हिशोब एकच येतो.

आज मोठी इमारत प्रत्यक्षात येण्याआधी संगणकावर उभी राहते. पूर्वीच्या नकाशात खिडकी म्हणजे केवळ काही रेषा असत. आता त्या खिडकीबरोबर तिचे माप, काचेची जाडी, वजन आणि किंमत ही माहितीही जोडलेली असते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या नागपूर मेट्रोच्या उभारणीत ही पद्धत वापरली गेली. तेथे लांबी, रुंदी व उंची यांच्या जोडीला वेळ आणि खर्च यांचाही हिशोब संगणकावर ठेवला गेला.

परंतु येथे एक अडचण उद्भवते. एक कारखानदार खिडकीची रुंदी चौकटीसह सांगतो, दुसरा चौकट वगळून सांगतो. कोणी इंच वापरतो, कोणी मिलिमीटर. शंका आली तर गवंडी विचारतो. संगणक मात्र मिळालेला आकडा खरा मानून पुढे जातो. मग भिंतीत सोडलेली जागा अपुरी पडते, झालेले काम फोडावे लागते आणि मजुरी दोनदा द्यावी लागते. संगणकांमधील माहिती अशी न जुळल्यामुळे अमेरिकेतील बांधकाम क्षेत्राचे एका वर्षात सुमारे १,५८० कोटी डॉलरचे नुकसान झाले, असा अंदाज तेथील एका सरकारी संस्थेने २००४ मध्ये मांडला होता.

यावर उपाय म्हणजे सर्वांनी मान्य केलेली समान भाषा. इमारतीची माहिती एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर नेण्यासाठी 'आयएफसी' नावाची खुली पद्धत तयार झाली. २०१३ मध्ये तिला पूर्ण आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. २०२० मध्ये बांधकामाच्या वस्तूंची माहिती कशी नोंदवावी, याविषयीही मानके आली. एखाद्या वस्तूचा कोणता गुण नोंदवायचा, त्याचे नाव काय, अर्थ काय आणि माप कोणते, हे आधी ठरवायचे. कारखानदाराने त्या तक्त्यात आपल्या मालाचे आकडे भरायचे. खुली पद्धत कोणा एकाच्या मालकीची नसते. त्यामुळे लहान कारखानदाराचा मालही मोठ्या मालाशेजारी ठेवून तपासता येतो.

मात्र तक्ता समान झाला, म्हणून त्यातील माहिती आपोआप खरी ठरत नाही. भट्टीतील वीट आखूड निघाली, तर कागदावरचे १९० मिलिमीटर भिंतीला उपयोगी पडत नाहीत. मानक भाषा देते. त्या भाषेत खरे बोलणे हे माणसाचेच काम आहे.

पाठगत प्रश्न
१. पाच प्रमाणित विटांनी एक मीटर लांबी कशी भरते?
२. गवंडी आणि संगणक यांच्यात लेखकाने कोणता फरक दाखवला आहे?
३. तुमच्या व्यवसायातील एखाद्या वस्तूचे माप ठरलेले नसल्यास कोणती अडचण येते? पाच वाक्यांत लिहा.